दोनशे चौदा शाळांचं गाणं

तळ्याकडच्या तीन जिल्ह्यांसाठी मतपेट्या निघाल्या त्या एकाच ट्रकमधून, आणि तोही निम्मा रिकामा होता.

मी गोदामाच्या दारात यादी हातात घेऊन उभी होते. बाकीच्या जिल्ह्यांचे ट्रक सकाळपासून गच्च भरून जात होते. मला वाटलं, यांचे अजून चार-पाच मागून येतील. गोदामाच्या कारकुनाला विचारलं, उरलेला माल कधी भरणार?

"उरलेलं काही नाही, मॅडम. एकतीस केंद्रं. एकतीस पेट्या आणि चार जादा."

तिथं दोनशे चौदा केंद्रं होती, गावोगावच्या शाळांत; लोकांनी नावंही तिथंच नोंदवली होती. ती यादी मीच तीन महिने घासूनपुसून तयार केली होती. मतदानाला अकरा दिवस राहिले होते. टंकलेखकाची चूक असणार, असं म्हणून मी ड्रायव्हर जोसेफतला गाडी आयोगाच्या कचेरीकडे घ्यायला सांगितली.

मी तिथं काय करत होते, ते आधी सांगते. मी इंदुमती चौगुले, मूळची गडहिंग्लजची. कोल्हापूर जिल्ह्यात निवडणूक उपजिल्हाधिकारी होते. नोकरीची तीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी मतदार याद्यांत गेली होती. तेंबेरा नावाच्या त्या देशात बहुपक्षीय निवडणूक दुसऱ्यांदाच होत होती. एका आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत मी पाच महिन्यांच्या प्रतिनियुक्तीवर आयोगाची सल्लागार म्हणून गेले होते. तिकडे वयानं मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात. मी गेल्या गेल्या 'मामा इंदू' झाले. पहिले आठ दिवस मला हसू यायचं, मग सवय झाली.

गाण्याची कल्पना माझीच. आधीच्या निवडणुकीत सातातलं एक मत बाद झालं होतं. आपल्याकडे पूर्वी शिक्का मारायचे, तिकडे शाईचा अंगठा उठवतात. लोक दोन चौकटींच्या मधोमध अंगठा उठवायचे, नाहीतर शाई ओली असतानाच घडी घालायचे. आयोगानं भित्तिपत्रकं छापली होती, पण ती वाचणार कोण? रेडिओ मात्र घराघरांत, मिनीबसमध्ये, मासळीबाजारात अखंड चालू. आणि रेडिओवर एकच आवाज होता, रेहेमा म्वालेचा.

रेहेमा तेव्हा पस्तिशीची असेल. चार गिटारी, दोन ढोल आणि मध्ये ही, असा तिचा वाद्यवृंद होता. लग्नात, मयतात, फुटबॉलच्या मैदानात तिचीच गाणी. बाई होती तळ्याकडची. सगळ्या देशानं सत्ताधाऱ्यांना मत दिलं तरी तळ्याकडचे लोक देणार नाहीत, असं तिथलं शेंबडं पोरही सांगत असे. तरीही ती आयोगासाठी गायला तयार झाली, तेही फुकट. तिची अट एकच होती. मला म्हणाली, "मामा इंदू, मला निवडणुकीतलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल तेच मी गाईन. म्हणून खरं तेच सांगा."

मी दोन दुपारी तिच्याजवळ बसून एकेक गोष्ट सांगितली. ओळखपत्र घ्या, रांग धरा, अंगठा एकाच चौकटीत, शाई वाळू द्या, मग घडी. तिनं त्याचं असं गाणं केलं की मला ते भाषा न कळताही पाठ झालं. धृपद ठेवलं होतं 'एक अंगठा, एक चौकट'. पण आयोगाचे सचिव बोनिफस काटेंबो यांनी ते बदलायला सांगितलं. काटेंबो मोठे गोड गृहस्थ. हात हातात घ्यायचे ते दोन्ही हातांनी, रविवारी चर्चमध्ये प्रवचन करायचे. ते म्हणाले, लोकांचा खरा गोंधळ होतो तो केंद्राचा. तेव्हा कडव्यात दडलेली ओळ वर आणा. 'जिथं नाव लिहिलंस, तिथंच तुझं मत.' मला कौतुक वाटलं. इतक्या बारकाईनं गाणं ऐकणारा सचिव आमच्याकडे कुठं होता?

दोन महिन्यांत ती ओळ देशभर झाली. शाळेतल्या मुली दोरीवरच्या उड्या त्या तालावर मारायच्या. जोसेफत गाडी चालवताना स्टिअरिंगवर बोटांनी तोच ठेका धरायचा. तोही तळ्याकडचाच.

तर त्या दिवशी मी काटेंबोंच्या खोलीत गेले आणि म्हटलं, गोदामात चूक झालीय. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला.

"चूक नाही, मॅडम. तिकडच्या वाटा खराब आहेत, पोलीस कमी आहेत. म्हणून केंद्रं एकत्र केली."

मी विचारलं, कधी? ते म्हणाले, दोन आठवड्यांपूर्वी. मला का सांगितलं नाही? तर म्हणे, हा प्रशासकीय निर्णय होता. माणसांना वीस-वीस, पंचवीस-पंचवीस किलोमीटर चालावं लागेल, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. लोकांना कळवलं का, विचारलं.

"राजपत्रात आलंय."

"राजपत्र कोण वाचतं, सर?"

"ज्याला मत द्यायचंय त्यानं वाचावं."

हे वाक्य आमच्याकडे मी स्वतः दोनदा वापरलं होतं, यादीतून नावं गळालेल्या लोकांना. तेव्हा ते इतकं वाईट ऐकू आलं नव्हतं.

मी स्वतःला सावरलं. म्हटलं, ठीक आहे, मग गाणं आजच्या आज थांबवू या, कारण ते आता चुकीचं सांगतंय. रेहेमाला सांगून उद्या दुसरं करून घेते.

काटेंबोंनी बशीत चमचा ठेवला. "गाणं फार चांगलं आहे, मॅडम. ते चालू राहील. तळ्याकडच्या रेडिओ केंद्रावरून आता ते दर अर्ध्या तासाला वाजवायला सांगितलंय मी."

ते हसत नव्हते, रागावलेही नव्हते. चहा पीत होते. त्या क्षणाला मला सगळं दिसलं. धृपद का बदललं, ते दिसलं. दोनशे चौदा शाळांपैकी एकशे त्र्याऐंशींना कुलूप असणार. सकाळी सहापासून त्या बंद दारांपुढे माणसं रांग धरून उभी राहणार, उन्हात, शिस्तीत, 'जिथं नाव लिहिलंस' म्हणत. दुपारी कुणीतरी सांगणार की केंद्र पलीकडच्या गावाला आहे. तोवर चालायला वेळ उरलेला नसणार. कुणाला धमकी नाही, कुणावर लाठी नाही, पेट्यांची पळवापळवी नाही. एक गाणं पुरे होतं. आणि ते मी करून दिलं होतं.

चिडले की माझा आवाज चढत नाही, उतरतो. इतका उतरला की काटेंबोंनी कान पुढे केला. मी म्हटलं होतं, "तुम्ही माझ्या हातानं हे केलंत."

"तुम्ही देशाची सेवा केलीत," ते म्हणाले आणि माझ्यासाठी दार उघडून उभे राहिले.

मी आमच्या संस्थेच्या प्रमुखांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अंतिम अहवालात एक परिच्छेद घालू, म्हणाले. अहवाल कधी येणार? मतदानानंतर तीन महिन्यांनी. यजमान देशाच्या कारभारात आपण ढवळाढवळ करत नसतो, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. सरकारी छापखान्यात गेले, तर राजपत्राच्या प्रती संपलेल्या. कशीबशी एक बघायला मिळाली. तिच्यात गावांची नावंच नव्हती, नुसते सांकेतिक क्रमांक. कुठल्या शाळेनं कुठं जायचं हे सांगणारी एकच यादी होती, आणि ती आयोगाच्या कचेरीत, माझ्या शेजारच्या कपाटात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रेहेमाकडे गेले. एका बंद पडलेल्या सिनेमागृहात तिची तालीम चालायची. ती खुर्चीवर मांडी घालून शेंगदाणे खात गिटारवाल्याला काहीतरी समजावत होती. मी तिला बाजूला घेतलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. हातातले शेंगदाणे तिनं परत पुडीत टाकले.

"माझी आई मोलेनीच्या शाळेत मत देते," ती शेवटी म्हणाली. "परवा फोनवर मला गाणं म्हणून दाखवलं तिनं. ती शाळा?"

"बंद असेल. त्यांचं केंद्र आता बंदरावर आहे. अठरा किलोमीटर."

"आणि आई दारात उभी राहील. मी सांगितलं म्हणून."

तिनं शेंगदाण्यांची पुडी खुर्चीवर ठेवली.

"तुम्ही म्हणाला होतात, हे खरं आहे."

"तेव्हा खरं होतं, रेहेमा."

"माझ्या लोकांना तेव्हाचं आणि आत्ताचं कळत नाही, मामा इंदू. त्यांना माझा आवाज कळतो." ती उठून उभी राहिली. मी माझ्या साहेबांची, मंत्र्यांची, जमावाची बोलणी खाल्ली आहेत, पण तिच्या नजरेसमोर मला माझे हात कुठं ठेवावेत ते सुचेना. "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला शेंडी लावली, तर तुम्ही अहवाल लिहाल. मी काय करू?"

नवं गाणं रेडिओ वाजवणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. ती सिनेमागृहाच्या त्या लांब खोलीत दोन फेऱ्या मारून आली आणि समोर थांबली.

"यादी द्या."

मी म्हटलं, यादी कचेरीबाहेर नेता येत नाही.

"मग इथं कशाला आलात? रडायला?"

तीस वर्षांत मी कचेरीतला चिठोराही बाहेर दिला नव्हता. त्या रात्री झोप लागली नाही वगैरे काही सांगत नाही, लागली. पण सकाळी उठले तेव्हा रागाचा नुसता गोळा झाला होता माझा, काटेंबोंवर आणि त्याहून जास्त स्वतःवर.

कचेरीत जाऊन कपाटातली यादी काढली आणि माझ्या डायरीत उतरवायला बसले, देवनागरीत. डावीकडे जुनी शाळा, उजवीकडे आताचं केंद्र. मोलेनी प्राथमिक, बंदर. किसावे मिशन, बाजारपेठ. दोनशे चौदा नावं. जेवायला उठले नाही. येणारे-जाणारे बघत होते, पण मामा इंदू नेहमीच काहीतरी लिहीत असायची. संध्याकाळी फाटकावर पहारेकऱ्यानं रोजच्यासारखी पिशवी तपासली, डायरी उघडली आणि हे काय म्हणून विचारलं.

"देवाची नावं आहेत," मी म्हटलं.

त्यानं डायरी अदबीनं मिटून परत दिली.

सिनेमागृहात मी एकेक नाव मोठ्यानं वाचलं आणि रेहेमाची माणसं ते लिहीत गेली. माझे उच्चार चुकायचे तिथं ढोलवाला दुरुस्त करायचा. त्याची स्वतःची शाळा एकशे सातवी होती. ती वाचली तेव्हा त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलली. काम संपल्यावर रेहेमानं माझे आभार मानले नाहीत. तिनं मासळीचा एक ट्रक ठरवला आणि पहाटे सगळी मंडळी तळ्याकडे निघून गेली.

मी तिला तिथं गाताना एकदाच पाहिलं. केंद्रांच्या पाहणीचं निमित्त काढून रविवारी जोसेफतबरोबर गेले. आठवड्याचा बाजार भरला होता. पलीकडचा काठ दिसत नाही इतकं मोठं ते तळं, त्याच्या कडेला वाळत घातलेली मासळी, आणि ट्रकच्या मागच्या फळीवर रेहेमा. चाल तीच होती, सगळ्या देशाला पाठ असलेली. पण शब्दांच्या जागी नावं होती. शाळेचं नाव, मग केंद्राचं नाव, मग किती पावलांची वाट. एक झालं की दुसरं. घसा बसला होता तिचा. तिच्या गाण्यावर न नाचणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. सगळे नुसते उभे होते, आपलं नाव यायची वाट बघत. एखादी शाळा आली की गर्दीतून पंधरा-वीस हात वर व्हायचे, ती माणसं एकमेकांना शोधायची आणि घोळक्यानं बाजूला होऊन वाटेचं बोलू लागायची. कधी निघायचं, म्हाताऱ्यांना कुणी धरायचं, वाटेत पाणी कुठं. मग पुढची शाळा.

जोसेफत गाडीतून उतरला आणि त्याच्या शाळेचं नाव येईपर्यंत उन्हात उभा राहिला.

मतदानाच्या दोन दिवस आधी पोलिसांनी रेहेमाला ट्रकवरूनच उचललं. मतदारांना माहिती देण्याचा अधिकार फक्त आयोगाला आहे, असं कलम होतं. त्याच दिवशी काटेंबो माझ्या खोलीत आले, उभ्याउभ्याच. माझी प्रतिनियुक्ती संपल्याचा कागद टेबलावर ठेवला. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट त्यातच होतं.

"एक विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "त्या बाईला यादी कुणी दिली?"

माझी डायरी पर्समध्ये होती, पर्स मांडीवर होती. रेहेमा कोठडीत होती. मला बोलता येत होतं. माझ्या हातून काय झालं आणि का झालं हे त्या माणसाच्या तोंडावर सांगायची याहून चांगली वेळ कधी येणार नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

काटेंबोंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि प्रवास सुखाचा होवो म्हणाले.

पुढचं मला कोल्हापुरात बसून, जोसेफतच्या फोनवरून कळलं. लोक आदल्या दुपारपासून चालत निघाले होते. एकतीस केंद्रांवर माणूस मावेना. एकोणीस केंद्रांवरच्या मतपत्रिका दुपारी एकच्या आत संपल्या, कारण कुणी येणार नाही असं धरूनच त्या पाठवल्या होत्या. दोन लाखांतले नव्वद हजार मत देऊ शकले. बाकीचे अंधार पडेपर्यंत रांगेत बसून राहिले आणि मग उठून पुन्हा चालत घरी गेले. सत्ताधारी पक्ष सत्तर हजारांनी निवडून आला. रेहेमाला चाळीस दिवसांनी सोडलं. रेडिओनं तिची सगळी गाणी बंद केली, फक्त ते पहिलं सोडून. ते पुढच्या निवडणुकीसाठी जपून ठेवलं, असं जोसेफत म्हणाला. आमच्या संस्थेचा अहवाल आला. त्यात गाण्याचा 'अनुकरणीय उपक्रम' म्हणून उल्लेख होता आणि खाली माझं नाव होतं.

आठ महिन्यांनी, मी कचेरीत टपाल बघत असताना रेहेमाचा फोन आला. आवाज ओळखू आला नाही मला. तळ्याकडच्या मतदानाविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका उभी राहिली होती आणि सकाळीच तिची साक्ष झाली होती.

"वकिलांनी विचारलं, पहिल्या गाण्याचे शब्द कुणी दिले. मी तुमचं नाव सांगितलं. खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग विचारलं, यादी कुणी दिली. मी म्हटलं, आठवत नाही. काटेंबो तिथं बसले होते. त्यांनी शपथेवर सांगितलं होतं की असली यादीच नव्हती, मी गावंची गावं मनानं रचली." ती थांबली. "तुमची नोकरी आहे ना अजून?"

"तीन वर्षं आहेत."

"मग मला आठवत नाही, मामा इंदू." आणि तिनं फोन ठेवला.

म्हणजे त्या देशाच्या कोर्टात माझं नाव एकाच जागी लागलं होतं, काटेंबोंच्या शेजारी. आणि दुसरं गाणं खोटं ठरत होतं, कारण ज्या बाईला मी फसवलं ती मला वाचवत होती. मी टपाल तसंच टाकलं. इतका राग मला त्या देशातही आला नव्हता. आणि या वेळी तो दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नव्हती.

नंतर बरंच झालं. माझ्यावर गोपनीयता भंगाची विभागीय चौकशी बसली, ती मी निवृत्त होईपर्यंत संपली नाही. सेवानिवृत्तीच्या दिवशी निरोपाचा हार घालायला कुणी आलं नाही. तिकडे कोर्टानं तळ्याच्या तिन्ही जिल्ह्यांत फेरमतदान घ्यायला लावलं, दोनशे चौदाच्या दोनशे चौदा केंद्रांवर. सरकार पडलं नाही, पण त्या जागा गेल्या. काटेंबोंना दुसऱ्या खात्यात मोठी जागा मिळाली. रेहेमाचा गळा पूर्वीसारखा झाला नाही. मला तिनं पुन्हा फोन केला नाही, मीही केला नाही.

पण हे सगळं नंतरचं. फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डायरीच्या पानांच्या प्रती काढल्या, प्रतिज्ञापत्र लिहिलं आणि जिल्हाधिकारी कचेरीसमोरच्या नोटरीकडे गेले. सदाशिव मगदूम माझे वीस वर्षांच्या ओळखीचे. त्यांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला. चौथ्या परिच्छेदावर थांबले, पुन्हा वाचला आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "'ती यादी मी स्वतः उतरवून दिली', एवढं एक वाक्य गाळू या. बाकीचं पुरे आहे त्यांना."

"तेवढं ठेवा, मगदूम," मी म्हटलं. "बाकीचं गाळलंत तरी चालेल."